ज्याचे लॉगिन, त्यालाच मेल : एका कारखान्यातील व्हीपीएन-सूचनांचे प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या साठेक माणसांच्या एका कारखान्याचे संगणक आणि नेटवर्क मी बाहेरून सांभाळतो. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू व्हावे म्हणून तेथे घाईघाईने व्हीपीएन, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून कारखान्याच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट, उभा केला गेला. उबंटू २०.०४ या लिनक्स प्रणालीवर ओपनव्हीपीएन या सॉफ्टवेअरचा सर्व्हर, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक प्रोफाइल-फाइल आणि त्या फाइलमध्येच सर्टिफिकेट (माणसाचे डिजिटल ओळखपत्र) व प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली), अशी ती मांडणी होती. वेगळा पासवर्ड विचारला जात नव्हता, कारण त्या दिवसांत लोकांना फोनवरून जोडणी करून देणे हेच मोठे काम होते. टाळेबंदी उठली, व्हीपीएन मात्र राहिला. ड्रॉइंग करणारे, हिशेब पाहणारे, विक्रीसाठी फिरतीवर असणारे आणि सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या बाहेरच्या कंपनीचे इंजिनिअर असे सगळे मिळून बावीस सर्टिफिकेटे वापरात होती.

शेजारच्या एका गाळ्यातील सगळा डेटा खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्याची बातमी वसाहतीत पसरली, तेव्हा मालकांनी मला बोलावून एवढेच सांगितले : "रात्री-बेरात्री आपल्या सर्व्हरवर कोण येतं, हे मला कळायला हवं. मेल येईल असं काहीतरी करा." मागणी रास्त होती. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीला वाहिनी बंद ठेवावी लागली आणि ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी द्यावी लागली, त्या प्रकरणात घुसखोर आले होते ते व्हीपीएनच्या एका वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याला फक्त पासवर्ड होता, दुसरी खातरजमा नव्हती. तपासात सापडलेली पहिली नोंद २९ एप्रिलची होती आणि खंडणीची चिठ्ठी पडद्यावर दिसली ७ मे रोजी. या आठवडाभरात ते खाते कोणीतरी वापरत आहे असे कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्याकडेही सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लहान-मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली गेली होती. लॉग आमच्याकडे होते. ते कोणी उघडून वाचत नव्हते.

पहिली मांडणी आणि तिने केलेला घोळ

ओपनव्हीपीएनमध्ये यासाठी सोय तयारच आहे. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन-फाइलमध्ये "क्लायंट-कनेक्ट" या ओळीपुढे एका स्क्रिप्टचा, म्हणजे छोट्या प्रोग्रामचा पत्ता द्यायचा, ती चालवण्याची परवानगी म्हणून "स्क्रिप्ट-सिक्युरिटी" २ वर न्यायची, म्हणजे कोणी जोडले गेले की सर्व्हर ती स्क्रिप्ट चालवतो आणि तिला सर्टिफिकेटवरचे नाव, पलीकडचा आयपी पत्ता, आत दिलेला पत्ता आणि वेळ एवढी माहिती हातात देतो. "क्लायंट-डिस्कनेक्ट" तसेच चालते आणि जोडणी किती सेकंद टिकली, किती बाइट आले-गेले, हेही सांगते. मी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, तिच्यातूनच थेट मेल पाठवला आणि माझ्या मेलबॉक्समध्ये पहिली सूचना आलेली पाहून काम झाले असे समजलो.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी साडेनऊला, एकाच वेळी पाच जणांचे फोन आले की व्हीपीएन जोडलेला दिसतो पण काहीच उघडत नाही. कारण शोधायला मला दुपार झाली. आमच्या आवृत्तीतला ओपनव्हीपीएन एकाच प्रक्रियेत सगळी कामे एकामागून एक करतो. "क्लायंट-कनेक्ट"ची स्क्रिप्ट संपेपर्यंत तो कोणाचेही पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, पुढे सरकवत नाही. त्या सकाळी मेल-सेवा मंद झाली होती, प्रत्येक मेल पाठवायला वीस-पंचवीस सेकंद लागत होते, आणि कामावर येणारा प्रत्येक नवा माणूस आधी आत आलेल्या सर्वांना तेवढा वेळ खोळंबून ठेवत होता. याहून गंभीर गोष्ट अशी की ही स्क्रिप्ट अपयशाचा संकेत देऊन संपली तर सर्व्हर त्या माणसाला आतच घेत नाही. म्हणजे मेलचा पासवर्ड बदलला एवढ्याच कारणाने सगळ्या कारखान्याचा दूरस्थ प्रवेश बंद पडू शकला असता. सूचना देणाऱ्या यंत्रणेने दारच अडवावे, ही मांडणी मुळातच चुकीची होती.

त्याच दिवशी मी दोन्ही कामे वेगळी केली. स्क्रिप्ट आता एका ठरावीक फोल्डरमध्ये चार ओळींची फाइल टाकते आणि काहीही झाले तरी यशाचाच संकेत देऊन तत्काळ संपते. दर मिनिटाला चालणारे दुसरे एक काम तो फोल्डर पाहते, मेल पाठवते आणि गेलेल्या फाइली बाजूला ठेवते. मेल गेला नाही तर फाइल तिथेच राहते आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा प्रयत्न होतो. यात अडखळण्याच्या दोन जागा आहेत. सर्व्हर सुरू झाल्यावर आपले अधिकार सोडून "नोबडी" या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्यामुळे फोल्डरवर त्याला लिहिण्याची परवानगी लागते. आणि तात्पुरत्या फाइलींच्या सार्वजनिक फोल्डरात लिहिले तर फाइल कुठे गेली ते सापडत नाही, कारण सर्व्हरवरच्या सेवा चालवणारा सिस्टमडी हा प्रोग्राम ओपनव्हीपीएनला तो फोल्डर स्वतंत्र, खासगी असाच दाखवतो. मेल पाठवण्यासाठी कारखान्याच्या गूगल खात्याचा साधा पासवर्ड चालत नाही, २०२२ पासून गूगलने तो मार्ग बंद केला आहे. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून वेगळा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

महिनाभर मेल नेमाने येत राहिले. किती? दिवसाला पन्नास ते सत्तर. मोबाइल इंटरनेटवर असलेल्या माणसाची रेंज गेली की जोडणी तुटते आणि पुन्हा जुळते, आणि प्रत्येक जुळणीला एक मेल. विक्रीचा एक माणूस पुण्याहून कोल्हापूरला जाईपर्यंत पंधरा मेल यायचे. पहिला आठवडा मी ते वाचले, दुसऱ्या आठवड्यात नजर टाकू लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात मेलबॉक्समध्ये नियम लावून ते सगळे एका वेगळ्या फोल्डरमध्ये वळवले. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण अशी यंत्रणा उभारणारे बहुतेक जण नेमके हेच करतात आणि त्या दिवसापासून सूचना असून नसल्यासारख्या होतात.

दर मिनिटाला तुटणारा व्हीपीएन

याच काळात, १० तारखेच्या संध्याकाळी, हिशेब पाहणाऱ्या मॅडमचा फोन आला. ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरायचे होते, त्या घरून टॅलीवर विक्रीची बिले जुळवत होत्या आणि त्यांच्या शब्दांत सांगायचे तर "व्हीपीएन एक मिनिट चालतो, एक मिनिट गप्प बसतो, परत चालतो." मी नेहमीचे उपाय सांगितले : राउटर बंद करून चालू करा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा, नाहीतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाहा. अर्ध्या-पाऊण तासाने त्यांचा मेसेज आला की आता नीट चालले आहे. मी ब्रॉडबँडवर खापर फोडून विषय संपवला.

एक मिनिट चालणे आणि एक मिनिट थांबणे हा ठेका मी तेव्हाच ओळखायला हवा होता. ब्रॉडबँडची गडबड इतकी नेमकी नसते. त्याचा उलगडा पुढे येईल.

मेलची पद्धत बदलण्याचे निमित्त मात्र वेगळेच घडले. एके सकाळी मालकांनी सहज विचारले की काल रात्री कोण कोण आले होते. त्या फोल्डरमध्ये तोपर्यंत हजारावर न वाचलेले मेल साठले होते. मी आदल्या रात्रीचे सात-आठ मेल उघडून नावे सांगितली. त्यावर त्यांनी विचारले, "पण ते तेच होते, हे तुम्हाला कसं कळतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री साडेदहाला ड्रॉइंगवाला आत आला, तर ते त्याचे रोजचे आहे की वेगळे, हे मला माहीत नसते. मी पत्ता पाहू शकतो, पण मोबाइल कंपन्यांचे पत्ते एकेका शहराला बांधलेले नसतात. एका पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात आणि साताऱ्यात बसलेला माणूस नकाशावर मुंबईत दिसतो. ते लॉगिन खरे की खोटे, हे क्षणात आणि खात्रीने सांगू शकणारा माणूस जगात एकच असतो, तो म्हणजे ज्याच्या नावाने लॉगिन झाले तो. आणि नेमका त्यालाच आम्ही मेल पाठवत नव्हतो.

दुसरी मांडणी

म्हणून सर्टिफिकेटवरचे प्रत्येक नाव आणि त्या माणसाचा मेल-पत्ता अशी यादी केली आणि सूचना त्याच्याकडे वळवली. एका माणसाला दिवसाला पंधरा मेल गेले तर तोही माझ्यासारखाच नियम लावून मोकळा होईल, म्हणून आवर घालणे भाग होते. त्याच नावाने, त्याच इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातून मागील बारा तासांत जोडणी झालेली असेल तर मेल जात नाही. जाळे बदलले तर बारा तासांची अट न पाहता जातो. पत्ता कोणत्या कंपनीच्या जाळ्यातला, हे मॅक्समाइंडच्या जिओलाइट२ या डेटाबेसच्या एका मोफत भागावरून सर्व्हरवरच कळते, बाहेर कोणाला विचारावे लागत नाही. शहराचे नाव मी मेलमध्ये मुद्दाम घातले नाही. चुकीचे शहर वाचून माणूस विनाकारण घाबरतो, आणि दोनदा विनाकारण घाबरलेला माणूस तिसऱ्यांदा फोन करत नाही.

मेलचा मजकूर मराठीत आणि अगदी थोडका ठेवला : "आज रात्री ८:४० वाजता तुमच्या नावाने कारखान्याच्या सर्व्हरला जोडणी झाली. इंटरनेट कंपनीचे नाव खाली दिले आहे. हे तुम्हीच असाल तर काही करू नका. तुम्ही नसाल तर लॅपटॉपवर चिकटवलेल्या क्रमांकावर लगेच फोन करा, कितीही वाजले असले तरी." मेलमध्ये दुवा नाही आणि फोन क्रमांकही नाही. "हे तुम्ही नसाल तर येथे दाबा" अशा मेलने फसवणूक करणारेच लोकांचे पासवर्ड काढून घेतात. आमच्या माणसांना तशा मेलवर बोट ठेवण्याची सवय आमच्याच हाताने लावायची नव्हती. क्रमांक लॅपटॉपच्या पट्टीवर आहे, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवूनही दिला आहे. मेल मोबाइलवर दिसतो याचीही खात्री करून घेतली, कारण जो लॅपटॉप चोरीला गेला त्याच लॅपटॉपवर सूचना येत असेल तर चोर ती आधी वाचतो. एसएमएसचा विचार झाला होता, पण त्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर पाठवणाऱ्याचे शीर्षक आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. बावीस माणसांसाठी तो खटाटोप आम्ही तूर्त टाळला.

पहिल्याच दिवशी खोटी आरोळी उठली. ड्रॉइंग विभागातील एकाने घाबऱ्या आवाजात सांगितले की त्याच्या नावाने पहाटे साडेतीनला कोणीतरी आत आले. तो स्वतः नऊला बसला होता. सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर होते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मेल तयार करताना वेळ भारतीय प्रमाणवेळेत बदलून ती चूक काढली. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही, कारण माणूस सर्वांत आधी वेळच पाहतो आणि तीच चुकली तर बाकीच्या मजकुरावरचा विश्वास उडतो. सर्ट-इनच्या निर्देशांत सर्व यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे, तेही त्याच फेरीत करून घेतले.

शनिवारची रात्र

या मांडणीच्या दुसऱ्या आठवड्यातील शनिवारी, रात्री पावणेनऊला हिशेबाच्या मॅडमचा फोन आला. "सर, माझा लॅपटॉप बॅगेत आहे, बॅग कपाटात आहे आणि मी स्वयंपाकघरात आहे. मेल म्हणतोय मी आठ चाळीसला आत आले." त्यांचा आवाज स्थिर होता. मी घरूनच सर्व्हरवर गेलो. त्यांच्या नावाने खरोखरच एक जोडणी सुरू होती.

सर्टिफिकेट रद्द करून रद्द-यादी नव्याने तयार केली. येथे एक गोष्ट माहीत नसेल तर घात होतो : रद्द-यादी तपासली जाते ती नव्या जोडणीच्या किंवा चालू जोडणीच्या गुप्त किल्ल्या बदलतात त्या फेर-वाटाघाटीच्या वेळी, आणि ती फेर-वाटाघाट तासाला एकदा होते. म्हणजे सर्टिफिकेट रद्द केल्यावरही आत असलेला माणूस जवळजवळ तासभर आत राहू शकतो. म्हणून व्यवस्थापनाच्या पोर्टवर जाऊन त्या नावाची चालू जोडणी हाताने तोडली. लगेचच पलीकडून पुन्हा प्रयत्न झाला आणि या वेळी सर्व्हरने नकार दिला. फोन आल्यापासून यात सात मिनिटे गेली.

मग मी तो जुना फोल्डर उघडला. १० तारखेच्या संध्याकाळी मॅडमच्या नावाचे चाळीसच्या वर मेल एका ओळीत उभे होते आणि त्यांत दोन पत्ते आळीपाळीने येत होते : एक त्यांच्या घरचा, दुसरा आजचा. ओपनव्हीपीएन एका सर्टिफिकेटवर एका वेळी एकालाच आत ठेवतो. त्याच नावाने दुसरा आला की पहिल्याची जोडणी काढून टाकतो. काढून टाकलेल्या लॅपटॉपला ते लगेच कळत नाही. आमच्या मांडणीत तो साठ सेकंद उत्तराची वाट पाहतो, मग नव्याने जोडतो आणि पलीकडच्याला बाहेर काढतो. एक मिनिट हा, एक मिनिट तो. "एक मिनिट चालतो, एक मिनिट गप्प बसतो" या वाक्यात मॅडमनी मला दोन आठवड्यांपूर्वीच सगळे निदान सांगितले होते, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच नावाच्या नव्या जोडणीमुळे आधीची जोडणी काढली जात असल्याचा स्पष्ट इशारा दर मिनिटाला उमटत होता. मी त्यांना राउटर बंद-चालू करायला सांगितले, हे मला आजही बोचते.

तो दुसरा लॅपटॉप कुणाचा, हे सोमवारी उलगडले. मॅडमचा जुना लॅपटॉप काही महिन्यांपूर्वी नव्याच्या बदल्यात दुकानात दिला होता. डिस्क पुसली गेली नव्हती. विंडोजचा पासवर्ड तळाशी चिकटवलेल्या कागदावर तसाच होता आणि सुरू होताच व्हीपीएन आपोआप जोडावा ही सोय मीच करून दिली होती. दुकानदाराने तो एका विद्यार्थ्याला विकला. विद्यार्थी लॅपटॉप सुरू करत होता, व्हीपीएन मुकाट्याने जोडला जात होता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. त्याने काही पाहिले नाही, असे आम्ही त्याच्या शब्दावर मानले नाही. "क्लायंट-डिस्कनेक्ट"च्या नोंदींतून त्या पत्त्यावरच्या सर्व जोडण्या मिळून जेमतेम काही मेगाबाइटची ये-जा दिसली, आणि फाइल-सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या वेळांत त्या नावाने एकही यशस्वी प्रवेश नव्हता. ती घटना शनिवारी रात्रीच सर्ट-इनला मेलने कळवली होती. कारण काहीही असो, प्रवेश अनधिकृत होता.

त्यानंतरचे बदल

आता सर्टिफिकेटबरोबर मोबाइलवरचा सहा अंकी कोडही लागतो. तासाला होणाऱ्या फेर-वाटाघाटीत तो पुन्हा पुन्हा मागितला गेला असता, म्हणून सर्व्हरकडून सत्रापुरते टोकन, म्हणजे कोडऐवजी चालणारी तात्पुरती खूण, देण्याची सोय सुरू केली. एकाच नावाची दोन पत्त्यांवरून ओढाताण सुरू झाली तर तो मेल मात्र माझ्याकडे येतो, आणि तो कोणत्याही फोल्डरमध्ये वळवलेला नाही. बाहेरून कोणी पोर्ट चाचपडून गेल्याच्या सूचना मी पाठवत नाही. टीएलएस-क्रिप्ट हे ओपनव्हीपीएनचे जादा कुलूप लावल्यापासून ती पाकिटे दारातच टाकून दिली जातात आणि त्यांवर कोणी काही करायचे नसते. रद्द-यादीची मुदत संपण्याआधी पंधरा दिवस एक मेल येतो, कारण ईझी-आरएसए या सर्टिफिकेटे बनवण्याच्या साधनाने बनवलेली ती यादी १८० दिवसांनी शिळी होते आणि त्या दिवशी सर्व्हर सगळ्यांनाच नाकारतो.

सीएनसी यंत्रांच्या देखभालीचे खाते हा अवघड भाग होता. ते एक नाव आणि वापरणारे तीन-चार इंजिनिअर, त्यातही माणसे बदलत राहणार. त्यांच्या कंपनीच्या सामाईक मेलवर सूचना पाठवून काही साधले नसते. शेवटी तो मेल आमच्या प्रॉडक्शनच्या प्रमुखांकडे जातो, कारण यंत्र बंद पडल्यावर इंजिनिअरला फोन तेच करतात, म्हणून बोलावणे न पाठवता कोणी आले तर ते त्यांनाच कळते. मधल्या काळात ते खाते बंद ठेवलेले असते. त्यांनी सांगितल्यावर ते चार तासांपुरते उघडले जाते.

एक उणीव नंतर सापडली. मेल-खात्याचा पासवर्ड कोणीतरी बदलला, त्यासरशी अॅप पासवर्ड रद्द झाला आणि चार दिवस एकही सूचना गेली नाही. फोल्डरमध्ये फाइली साठत राहिल्या आणि सगळीकडे शांतता आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे सर्वांनी मानले. त्यानंतर दर सोमवारी सकाळी नऊ वाजता सर्वांना एक चाचणी-मेल जातो, त्यात मागच्या आठवड्यातील त्यांच्याच जोडण्यांची संख्या असते. तो आला नाही तर फोन करायचा, असे ठरले आहे. मागच्या सोमवारी मेल सव्वानऊपर्यंत निघाला नव्हता. नऊ वीसला पहिला फोन मॅडमचा आला.